गुरुवारची तपासणी

धायरीतल्या आमच्या शेडला पाटी नव्हती, आणि त्याचं कारण वर्गणी. पाटी दिसली की ती कंपनी, आणि कंपनी म्हटली की आत कुबेर बसलाय, अशी प्रत्येक मंडळाची खात्री असते. गणपती झाले की नवरात्र, नवरात्र झालं की कुठली तरी जयंती. पावतीपुस्तक घेऊन चार जण दारात. 'साहेब, एवढी मोठी कंपनी तुमची, आकडा जरा बरा टाका की.' एवढी मोठी कंपनी म्हणजे पत्र्याची एक शेड, एक जुना लेथ, दोन कामगार, माझा नवरा आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी हिशेब करणारी मी. एका वर्षी नवऱ्याचं डोकं फिरलं. स्टुलावर चढून त्याने पाटीचे स्क्रू काढले आणि पाटी आत नेऊन मोरीच्या भिंतीला टेकवून ठेवली. पुढच्या वर्षी वर्गणीवाले आमच्या दारावरून सरळ पुढे गेले. नवरा इतका खूश झाला की संध्याकाळी बाकरवडी घेऊन आला.

इथेच एक सांगून टाकते. नवऱ्याला मी तोंडावर 'अहो'च म्हणते, आमच्या पेठेतल्या घरातलं वळण आहे ते. पण लिहिताना 'तो' म्हणणार आहे. लिहिताना तरी बरोबरीने बोलू द्या.

पाटी नसल्याने आमचं काही अडलं नाही. टेम्पोवाल्याला शेड माहीत होती, कुरिअरवाल्याला माहीत होती. शेजारी राहणाऱ्या आजींना तर फारच माहीत होती. त्या मूळच्या धायरीच्या, गाव होतं तेव्हापासूनच्या. दिवसातून एकदा तरी कुंपणापाशी येऊन त्या ओरडायच्या, 'अवो बाई, बंद करा की जरा ती घरघर! डोकं उठलंय माजं.' मी म्हणायची, 'आजी, गुरुवारी बंद असतं ना. त्या दिवशी झोपून घ्या.'

गुरुवारचं पुण्यात कारखाने चालवणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगते. आमच्याकडे कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी वीज मंडळ दुरुस्तीसाठी लाइट घालवतं, कधी दोन तास, कधी दिवसभर. म्हणून गल्लीतल्या सगळ्या शेड गुरुवारी कुलूपबंद, समोरची चहाची टपरीसुद्धा बंद, आणि जग रविवारी लोळत असतं तेव्हा आमचे लेथ चालू. मुलगी लहान असताना तिच्या वर्गातल्या मुलींना सांगायची, 'आमच्या घरी रविवार गुरुवारी येतो.'

आम्ही पिना बनवायचो. स्टीलच्या पिना, म्हणजे बोटाएवढ्या दांड्या, आणि त्या ज्यात फिरतात ते बुश, बेकरीत कणीक मळायची मोठी यंत्रं असतात त्यांच्यासाठी. इटलीतला एक यंत्रवाला आमच्याकडून घ्यायचा. एका प्रदर्शनात त्याने माझ्या नवऱ्याची एक पिन हातात घेतली, नखाने तपासली, खिशात टाकली आणि महिन्याभराने ऑर्डर पाठवली. नवऱ्याला त्याचं केवढं अप्रूप! घरी मी पोळ्या लाटत असताना मला म्हणायचा, 'तिकडची कणीक आपल्या पिनेवर मळली जाते, कळलं का?' मी म्हणायची, 'इकडची माझ्या मनगटावर मळली जाते, ते कधी कळणार?'

ऑर्डर वाढली तेव्हा आम्ही कर्ज काढून सीएनसी मशिन घेतलं. कॉम्प्युटरने चालणारं, काचेच्या दाराचं, पांढरंशुभ्र. आलं त्या दिवशी नवऱ्याने त्याला हार घातला, कुंकू लावलं, पेढे वाटले. आजींनाही दिले. त्या म्हणाल्या, 'आवाज कमी हाय का हिचा?' कमी होता. आजींनी पेढा खाल्ला.

मशिन घेताना सरकारला जो कर दिला, तो पुष्कळ होता. आमचे सीए तरुण, हुशार, बोलायला गोड. त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. आपल्या देशातून जो माल बाहेर जातो त्यावर कर लावायचा नाही, असा कायदाच आहे. माल इथे वापरला जाणार नाही, तर इथला कर त्यावर कशाला? मग मशिनवर भरलेला कर आमच्या नावे जमा पडून होता, तो माल पाठवताना त्या मालाचा कर म्हणून भरायचा आणि माल बोटीत चढला की तेवढी रक्कम सरकारकडून रोख परत घ्यायची. त्यासाठी वेगळा अर्जसुद्धा नको. बंदरावर मालाचे जे कागद भरतात तोच अर्ज. सीए म्हणाले, 'मॅडम, ही काही कुणाची मेहेरबानी नाही. तुमचा हक्क आहे हा.' आम्ही हिशेब असा मांडला की दर खेपेला परत येणाऱ्या त्या पैशांतून मशिनचे हप्ते जातील. म्हणजे सरकारचाच कायदा आमचं मशिन फेडणार. हुशारी वाटली होती तेव्हा.

आणि सुरुवातीला खरंच आले हो पैसे! माल गेला, थोड्या दिवसांत मोबाइलवर मेसेज, खात्यात जमा. मी चार लोकांना सांगत सुटले, 'सरकार सुधारलं बरं का आपलं.' माझ्या बहिणीने कपाळाला हात लावला. तिने आयुष्यभर सरकारी नोकरी केलीय, तिला जास्त कळतं.

मग एका खेपेचे आलेच नाहीत. म्हटलं, येतील. पुढची खेप गेली, तिचेही नाहीत. सीएंनी कॉम्प्युटरवर पाहिलं आणि त्यांचा गोड आवाज जरा पातळ झाला. 'मॅडम, आपलं नाव जोखमीच्या निर्यातदारांत आलंय.'

'म्हणजे काय? आम्ही बॉम्ब पाठवतो?'

'नाही हो. सिस्टिमला काहीतरी खटकलं की ती नाव बाजूला काढते. मग रिफंड थांबतो, तपासणी होते, आणि सगळं नीट असलं की सुटतो.'

'काय खटकलं?'

'ते सांगत नाहीत.'

सांगत नाहीत! चोरालासुद्धा कुठलं कलम लावलं ते सांगतात. सीएंनी अंदाज केला की आम्ही कधीतरी ज्याच्याकडून स्टीलचे बार घेतले, अशा एखाद्या व्यापाऱ्याची नोंदणी रद्द झाली असेल. म्हणजे पाप त्याचं आणि सुतक आम्हाला. मुलगी हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तिला फोन केला. ती म्हणाली, 'आई, चिल. सिस्टिमने फ्लॅग केलंय, इट्स नॉट पर्सनल. असं मॉडेलच असतं. फॉल्स पॉझिटिव्ह असेल तर क्लिअर होतं.' मी म्हटलं, 'तुझ्या मॉडेलला सांग, इथे माणसं राहतात.' ती म्हणाली, 'माझं नाहीये गं ते मॉडेल.' पण माझा राग तिच्यावरच निघाला, कारण दुसरं कोणी फोन उचलत नव्हतं.

कागद मागितले, दिले. भाडेकरार, लाइट बिलं, मालाचे कागद, बँकेचे कागद, मशिनचा फोटो, आमचे दोघांचे फोटो. सीएंनी ते सगळं चढवलं आणि म्हणाले, 'आता एक अधिकारी जागा बघायला येतील. फर्म खरंच आहे की नुसती कागदावर, एवढंच बघतात.' मी म्हटलं, येऊ देत की! शेड झाडून घेतली. नवऱ्याने मशिनची काच पुसली. चहासाठी नवे कप आणले. रोज वाट बघायची, रोज कोणी नाही. माल मात्र आम्ही पाठवत राहिलो, कारण इटलीवाल्याला आमच्या सिस्टिमशी काय घेणं? आणि प्रत्येक खेपेबरोबर आमचे आणखी पैसे सरकारकडे जाऊन अडकत होते. बँकेचा हप्ता मात्र कोणाच्या जोखमीसाठी थांबत नाही. तो घरातून भरायला लागलो. आधी एफडी मोडली, मग माझ्या बांगड्या गेल्या.

वाट बघून बघून शेवटी सीए स्वतः कार्यालयात गेले. परत आले तेव्हा खुर्चीत बसेनात. म्हणाले, 'अहवाल गेलाय, मॅडम. फर्म पत्त्यावर आढळली नाही.'

मी हसले. खरंच हसले. माझ्या मागे मशिन चालू होतं, नवरा त्यावर वाकलेला, पिना ट्रेमध्ये टपटप पडत होत्या आणि हा मुलगा मला सांगत होता की आम्ही नाही आहोत.

'कधी आले होते?'

त्यांनी तारीख सांगितली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेले. गुरुवार.

काय म्हणू मी? या शहरात नोकरी करणारा माणूस, या शहरातले कारखाने तपासायचं काम ज्याचं, तो गुरुवारी आला. कदाचित नव्यानेच बदलून आला असेल, कदाचित त्याला त्या दिवशी गल्ल्या मोकळ्या मिळाल्या म्हणून सगळी धायरी उरकून घेतली असेल. कोणास ठाऊक. शेडला कुलूप, गल्ली सामसूम, लाइट नाही, आणि दारावर पाटी नाही. पाटी आत, मोरीच्या भिंतीला टेकलेली.

आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, 'आलता की एक. गाडीवर. कुलपाचा फोटू काडला अन् गेला. म्या हाक मारली, म्हनलं उद्या या, रोज घरघर असती हितं. थांबलाच न्हाई.' म्हणजे आम्ही आहोत याची एकच साक्षीदार होती, तीही स्वतःहून साक्ष द्यायला निघाली होती, आणि तिच्याकडे मान वळवायला साहेबांना वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात गेले. मोठ्या टेबलामागे एक गृहस्थ बसले होते. तपासणीला आलेला माणूस दुसराच, आणि तो म्हणे रजेवर. मी शांतपणे बोलायचं ठरवून गेले होते. 'गुरुवारी पुण्यातले कारखाने बंद असतात, हे आपल्याला माहीत असेलच,' मी म्हटलं.

'असं कुठे लिहिलंय का?' ते म्हणाले.

'लिहिलंय कुठे म्हणजे? लाइट नसते. लेथ काय मेणबत्तीवर चालवू?'

'मॅडम, आवाज खाली. फर्मची पाटी होती का दर्शनी भागावर?'

मी पिशवीतून लाइट बिलं काढायला लागले.

'नियमात पाटी आहे. पाटी नाही, जागा बंद, मग आमच्या माणसाने काय लिहायचं?'

मी लाइट बिलं पुढे सरकवली. एवढी वीज आम्ही काय पंख्याला जाळली? त्यांनी पाहिलीसुद्धा नाहीत. 'बिल येतं म्हणजे कारखाना चालतो असं होत नाही. फेरतपासणीचा अर्ज करा. रीतसर बघू.' त्यांनी 'रीतसर' हा शब्द असा उच्चारला की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, 'कर घेताना आपण कधी पाटी बघायला आला नव्हतात. तेव्हा आम्ही बरोबर सापडत होतो.' शेजारच्या टेबलावरची बाई खाली मान घालून हसली. मला तेवढ्याचंसुद्धा बरं वाटलं, इतकी वाईट अवस्था होती.

घरी आल्यावर नवऱ्यावर तुटून पडले. आग पाखडली अक्षरशः. 'वर्गणी वाचवायला गेलात ना! घ्या आता. बाकरवडी खा!' मी बोलायला नको होतं, असं माझी बहीण म्हणते. मी म्हणते, बोलले ते योग्यच बोलले. पाटी त्याने काढली हे खरं आहे, आणि पाटी नाही म्हणून माणूस नाही असं मानणारे गाढव आहेत हेही तितकंच खरं आहे. दोन्हींचा राग एकाच वेळी येऊ शकतो. तो उठला, शेडवर गेला, पाटी धुतली आणि परत लावली. या वेळी मोठे स्क्रू घेतले होते त्याने.

फेरतपासणीचा अर्ज केला. मग खेटे. आज साहेब मीटिंगला, उद्या सर्व्हर बंद, परवा फाइल वर गेलीय, तेरवा खाली आलीय. सीए सांगायचे, 'मॅडम, हक्क आहे आपला, बुडणार नाही.' शेवटी एकदा मी त्यांना म्हटलं, 'अहो, तो हक्क जरा बँकेत घेऊन जा आणि विचारा, हप्त्यात चालेल का.' ते बिचारे ओशाळले. त्यांचा काय दोष? कायद्याचं पुस्तक त्यांनी खरं मानलं होतं, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवून आम्ही.

स्टीलचे बार घ्यायला पैसे उरले नाहीत. व्यापारी उधारीवर देईना, आणि आम्हीही आता व्यापाऱ्यांना घाबरायला लागलो होतो, कोणाची नोंदणी कधी रद्द होईल याचा भरवसा काय? इटलीवाल्याची एक ऑर्डर उशिरा गेली, पुढची अर्धीच गेली. त्याचं मेल आलं, फार सभ्य. इतकी वर्षं उत्तम माल दिल्याबद्दल आभार, परंतु. त्या 'परंतु'च्या पुढचं नवऱ्याने मला वाचून दाखवलंच नाही. दोन्ही कामगारांना आम्हीच सांगितलं, दुसरीकडे बघा. मग बँकेतले साहेब घरी आले. चहा घेतला. म्हणाले, जप्तीची वेळ येण्यापेक्षा आपणच मशिन विकलेलं बरं, किंमत जरा चांगली येते. बरोबरच बोलत होते ते. आमच्या भल्याचं बोलणारा सगळ्या प्रकरणातला तो एकटा माणूस, आणि तो वसुलीवाला.

मशिन भोसरीच्या एका कारखानदाराने घेतलं. क्रेन यायला गल्ली मोकळी हवी म्हणून गुरुवार ठरला. पत्र्याचा एक भाग उतरवला, पट्टे बांधले. मशिन उचललं तेव्हा खाली फरशीवर त्याच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन राहिला, बाकी सगळीकडे तेलाचे डाग. नवरा क्रेनवाल्याला सांगत होता, 'सांभाळून हं, काच आहे, काच आहे.' कुंकवाचा टिळा अजून होता मशिनवर. क्रेन गेल्यावर तो त्या चौकोनात जाऊन उभा राहिला आणि मला म्हणाला, 'चुकलं गं माझं.' मला खूप रडू येत होतं आणि मला त्या गल्लीत रडायचं नव्हतं. जुना लेथही त्याच आठवड्यात भंगारात गेला.

आता शेड सोडायची, भाडं वाचवायचं. सीए म्हणाले, 'नाही, मॅडम. फेरतपासणी होईपर्यंत जागा सोडू नका. आत्ता सोडलीत तर फर्म सापडणार नाही, आणि मग रिफंड गेलाच म्हणून समजा.' मशिन नाही, काम नाही, कामगार नाहीत, आणि आम्ही भाडं भरतोय, कशाचं, तर सापडण्याचं!

मग आम्ही पाळी लावली. सकाळी तो, दुपारी मी. दार सताड उघडं, पाटी वर, आत रिकाम्या शेडमध्ये एक टेबल, दोन खुर्च्या. तो पेपर वाचायचा, पुरवणीतल्या छोट्या जाहिरातींसकट. मी मेथी निवडायची, पावटे सोलायची. सोसायटीतल्या बायका विचारायच्या, कुठे जाता हो रोज? मी सांगायची, कारखान्यात. गुरुवारीसुद्धा बसायचो. लाइट असली काय, नसली काय, आम्हाला कुठे लागत होती? एकदा आजी कुंपणापाशी आल्या. म्हणाल्या, 'किती गपगार झालं वो. न्हाई बरं वाटत.' मी त्यांना निवडलेली मेथी दिली.

आणि एके दिवशी आले ते. गुरुवारीच. मी तर म्हणते यांनी वार पक्का करून घेतलेला आहे. या वेळी दुसरा मुलगा होता, पंचविशीतला, नम्र. 'नमस्कार काका, नमस्कार काकू, फेरतपासणीसाठी आलोय.' त्याच्यावर ओरडायचं मी किती दिवस मनात घोकलं होतं, आणि तो समोर आल्यावर माझ्याच्याने होईना. माझ्या मुलीच्याच वयाचा.

नवरा उठला. तो खोटं बोलत नाही, ही त्याची मोठी खोड आहे. म्हणाला, 'या, आत येऊन नीट बघा. मशिन विकलं आम्ही. काम बंद आहे. तुम्ही ज्याचे पैसे थांबवलेत तो माल त्याआधीचा, ते सगळे कागद इथे आहेत.'

झालं, संपलं, आता हा लिहिणार.

पण मुलगा उंबऱ्याच्या आत आलाच नाही. मोबाइलमध्ये काहीतरी बघत म्हणाला, 'काका, मशिनचा रकाना नाहीये माझ्याकडे. पाटी आहे, जागा उघडी आहे, मालक हजर आहेत. एवढंच भरायचंय. जरा पाटीखाली उभे राहता? काकू, तुम्हीपण या.' आम्ही उभे राहिलो. लग्नाच्या वाढदिवसालाही कधी असा फोटो काढला नव्हता आम्ही. त्याने म्हटलं, 'जरा जवळ या.' त्याने फोटो काढला, नकाशावरची जागा त्यात आपोआप उमटली. पाणी प्यायला आणि गेला. इतक्याशा कामासाठी.

थोड्याच दिवसांत सीएंचा फोन आला, आवाज पुन्हा गोड. अहवाल चढला होता: फर्म नोंदलेल्या पत्त्यावर अस्तित्वात आहे. जोखमीतून नाव निघालं, अडकलेले सगळे पैसे खात्यात आले. सगळे, पै न् पै. त्यात मशिन वाचलं असतं, कामगार राहिले असते आणि माझ्या बांगड्याही हातात राहिल्या असत्या. सीए म्हणाले, 'मॅडम, उशीर झाला तर कायद्याने व्याजही मिळतं. तोही आपला हक्क आहे. वेगळा अर्ज करावा लागेल.' मी फोन ठेवून दिला. नंतर पुन्हा लावला आणि सांगितलं, 'करा.' तो अर्ज अजून कुठे आहे मला माहीत नाही. पण मी सोडणार नाही. मला व्याज नकोय, मला त्यांच्याकडून चूक कबूल करून घ्यायचीय.

शेडचा महिना भरत आला होता. टेबल-खुर्च्या न्यायला टेम्पो बोलावला होता, आणि आम्ही दाराशी त्याची वाट बघत होतो. गणपती जवळ आलेले. गल्लीच्या टोकाकडून चार पोरं आली, गळ्यात मंडळाचे बिल्ले, हातात पावतीपुस्तक. त्यांनी पाटी वाचली आणि थांबली. 'काका, वर्गणी. एवढी मोठी कंपनी आहे तुमची.'

मी तोंड उघडणार तेवढ्यात नवऱ्याने पाकीट काढलं आणि त्यातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या नोटा पोराच्या हातावर ठेवल्या. मी म्हटलं, 'अहो, काय करताय काय?'

'देऊ दे गं,' तो म्हणाला. 'कंपनी आहे ना आपली. सरकारनेच लिहून दिलंय.'

पावती कोणाच्या नावाने करू, पोराने विचारलं. नवऱ्याने फर्मचं नाव सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर. पोराने लिहिलं, पावती फाडून दिली. इतके पैसे मिळाल्यावर तो खूश झाला होता, मान वाकवून आत डोकावू लागला. आत तेलाचे डाग आणि मधोमध तो स्वच्छ चौकोन.

'काका, काय बनवता तुम्ही इथे?'

नवऱ्याने पावतीची घडी घातली आणि ती रिकाम्या पाकिटात ठेवली. मग मीच बोलले.

'काही नाही बनवत रे बाबा,' मी म्हटलं. 'आम्ही नुसते अस्तित्वात आहोत.'

पोरं हसली. त्यांना वाटलं, काकू गमतीच्या आहेत.